मुद्दाम घातलेली चूक

जबलपुरात तारेवरचा गोंगाट गाळून मूळ निरोप वेगळा काढायचं शिक्षण ऐंशीहून अधिक वर्षं चालू आहे. १९४२ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, इथं दूरसंचार प्रशिक्षण केंद्र निघालं. आज ते बीएसएनएलकडे आहे, रिज रोडवर, डॉ. आंबेडकरांच्या नावानं. लष्कराच्या सिग्नल कोरचं ट्रेनिंग सेंटर याच गावात. स्वातंत्र्याच्या वर्षी सुरू झालेल्या इथल्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातून टेलिकम्युनिकेशनच्या कित्येक पिढ्या बाहेर पडल्या. त्यामुळे इथं गल्लीगणिक असा एखादा माणूस भेटतो, ज्याची उभी नोकरी ‘लाइनवर नॉइज किती’ या एका प्रश्नामागं गेली. माझे काका त्यांतलेच. ट्रंक लाइन, मायक्रोवेव्ह, मग ऑप्टिकल फायबर, असं सगळं त्यांनी पाहिलं. वाटेत निरोपात शिरलेली चूक शोधून काढायची आणि दुरुस्त करायची, हा त्यांचा धर्म.

त्यांच्यासमोर बसून निरोपात मुद्दाम चुका घालायला मी मुलांना शिकवते, हे त्यांना पहिल्यांदा पटलं नाही.

मी इंजिनिअरिंगच्या मुलांना गणित शिकवते. राइट टाउनमधल्या आमच्या घरी शनिवार-रविवारी काही जण जमतात आणि अभ्यासक्रमात नसलेलं काहीतरी आम्ही हातानं करून बघतो. या खेपेला विषय घेतला तो कोडांवर आधारलेल्या कूटलेखनाचा. कोड म्हणजे इथं प्रोग्राम नव्हे, तर निरोपाला जोडलेली अशी जादा माहिती, जिच्या आधारानं वाटेत झालेली मोडतोड भरून काढता येते. आज बँकेपासून आधारपर्यंत ज्या कुलुपांवर आपण विसंबून आहोत, त्यांतली बरीचशी मोठ्या क्वांटम संगणकापुढं टिकणार नाहीत, हे गणितानं सिद्ध झालेलं आहे. त्यांच्या जागी काय बसवायचं, याची जी थोडी उत्तरं जगात आहेत, त्यांतलं सर्वांत जुनं उत्तर या चुकांमधून निघालेलं आहे.

सुरुवात अगदी लहान कोडपासून केली. बेल लॅब्जमधल्या रिचर्ड हॅमिंगनं १९५० साली छापलेली ही युक्ती. चार बिटांचा निरोप, त्याला तपासणीचे तीन बिट जोडायचे आणि सात बिट पाठवायचे. वाटेत सातांपैकी कुठलाही एक बिट उलटला, तर पलीकडचा माणूस तीन बेरजा करून बघतो. त्या तीन उत्तरांवरून नेमका कितवा बिट बिघडला ते कळतं. काका हे झोपेतही करतील.

मग आम्ही हा कोड पत्ते पिसावेत तसा पिसला. त्याच्या चार ओळी एकमेकींत मिसळल्या, सात रकान्यांच्या जागा बदलल्या. पहिल्या जागेवर पाचवा रकाना आला, दुसरा जागेवरच राहिला, तिसऱ्या जागेवर सातवा, चौथ्यावर पहिला, पाचव्यावर चौथा, सहावा तिथंच, शेवटी तिसरा. हाती आलेल्या चार ओळी अशा:

१०११००१
११०००११
०१०१००१
१०००१०१

ही झाली सार्वजनिक किल्ली. ही चारचौघांत वाटायची. ओळी कशा मिसळल्या आणि रकाने कसे फिरवले, ते मात्र आपल्यापाशी ठेवायचं. आता ज्याला आपल्याला १०११ हा निरोप पाठवायचा आहे, त्यानं पहिली, तिसरी आणि चौथी ओळ एकमेकींत मिळवायची. हातचा घ्यायचा नाही, एक आणि एक म्हणजे शून्य. बेरीज आली ०११०१०१. आणि आता सातांपैकी कुठलाही एक बिट स्वतःच्या मर्जीनं उलटायचा.

“मॅडम, गलती हम खुद डालें?” मागच्या रांगेतल्या मुलीनं विचारलं.

हो, आपणच. कुठं घातली, ते आपणही विसरून जायचं. तिनं चौथा बिट उलटला. पाठवायचा कागद झाला: ०११११०१.

घेणारा आधी रकाने मूळ जागी लावतो. ११११००१ असं दिसतं. तीन तपासण्यांची उत्तरं येतात १, १, ०. मूळ कोडात ही खूण पहिल्या बिटाची. तो उलटला की ०१११००१. पहिले चार बिट ०१११. ओळींची मिसळण सोडवली की निरोप परत हातात येतो: १०११. मुलीनं चूक घातली होती चौथ्या जागी आणि पिसण्यापूर्वीची पहिली जागा आता चौथ्या जागेवर गेलेली होती. हिशेब जुळला.

काका इतका वेळ चष्म्यातून वहीकडं बघत होते. त्यांनी विचारलं, “पण मधल्यानं कागद पळवला तर? त्याच्याकडंही ह्याच चार ओळी आहेत की.”

खरं आहे. सात बिटांच्या खेळण्यात मधला माणूस सातही जागा एकेक करून उलटून बघेल आणि चहा निवायच्या आत निरोप वाचेल. मुलांनी ते करूनही दाखवलं. ताकद आहे ती आकारात. ओळी हजारांत आणि चुका डझनांत गेल्या, की पिसलेल्या कोडापुढं बसलेल्या माणसाला त्यातली मूळ शिस्त दिसत नाही. त्याच्या दृष्टीनं तो कुठलाही एक अस्ताव्यस्त कोड असतो आणि अस्ताव्यस्त कोडातल्या चुका शोधणं हे संगणकाला झेपण्याजोगं काम नाही. १९७८ साली बर्लेकॅम्प, मॅकएलिस आणि व्हान टिलबोर्ग या तिघांनी दाखवून दिलं की सर्वसाधारण कोड उलगडणं हा गणितातल्या अवघडांतल्या अवघड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रश्नांच्या वर्गात बसतो. त्याच वर्षी त्यांतल्या रॉबर्ट मॅकएलिसनं या अवघडपणाचं कुलूप केलं.

मॅकएलिस तेव्हा कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत होता. दूरच्या यानांचे क्षीण संदेश पकडणाऱ्या डीप स्पेस नेटवर्कच्या जानेवारी-फेब्रुवारी १९७८ च्या प्रगती अहवालात त्याचा जेमतेम दोन-तीन पानांचा लेख आला. व्हॉयेजर यानं आदल्याच वर्षी निघाली होती. अब्जावधी किलोमीटरवरून येणाऱ्या कुजबुजीतल्या चुका काढायच्या, हे तिथलं रोजचं काम. त्या कामातल्या माणसाला सुचलं की हेच हत्यार उलटं धरलं तर लपवायला उपयोगी पडेल. माझ्या मते या सगळ्या कथेतला सर्वांत सुंदर क्षण तो आहे. योगायोग असा की आरएसए या दुसऱ्या कुलूपपद्धतीचा शोधनिबंधही त्याच फेब्रुवारीत छापून आला. जगानं आरएसए उचलली, कारण तिची किल्ली लहान होती. मॅकएलिसच्या किल्लीत १०२४ रकाने आणि ५२४ ओळी, म्हणजे ६७,०७२ बाइट. त्या काळच्या यंत्रांना हे ओझं कोण वाहायला सांगणार? लेख कपाटात गेला.

मॅकएलिसनं हॅमिंगचा कोड वापरला नव्हता. त्यानं घेतला गोप्पा कोड, सोव्हिएत गणिती व्हॅलेरी गोप्पानं १९७० साली मांडलेला. आणि इथं मला मुलांना थोडं घराजवळ आणायचं होतं. गोप्पा कोडाच्या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे बीसीएच कोड. त्यातला ‘बी’ म्हणजे राजचंद्र बोस. १९६० साली त्यांनी आणि द्विजेंद्रकुमार राय-चौधरी यांनी तो मांडला, फ्रान्समध्ये होकेनगेमनं वर्षभर आधी स्वतंत्रपणे. हे बोस जन्मले १९०१ साली होशंगाबादला, म्हणजे आमच्या ग्वारीघाटावरून खाली वाहत जाणाऱ्या याच नर्मदेच्या काठी. आणि बोसांच्या हाताखाली नॉर्थ कॅरोलायनात डॉक्टरेट केलेले शरदचंद्र शंकर श्रीखंडे जन्मले १९१७ साली सागरला, इथून काही तासांच्या वाटेवर. शिक्षण नागपूरच्या सायन्स कॉलेजात. १९५९ साली बोस, श्रीखंडे आणि पार्कर या तिघांनी लॅटिन चौरसांबद्दलचं ऑयलरचं पावणेदोनशे वर्षांचं अनुमान खोटं ठरवलं आणि ती बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर आली, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्याच वर्षी बोस आणि श्रीखंडे या दोघांनी कोडांच्या रचनेवरही एक निबंध लिहिला, हे सहसा कुणी सांगत नाही. श्रीखंडे पुढं मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे संस्थापक प्रमुख झाले आणि २०२० साली, १०२ व्या वर्षी गेले. मराठी शाळांमधून त्यांचं नाव निदान एकदा तरी मुलांच्या कानावर पडायला हवं. माझ्या वर्गातल्या एकालाही ते माहीत नव्हतं आणि वर्गात सागरचा मुलगा होता.

बीसीएच असताना गोप्पा का? मुलांनी हा प्रश्न विचारला तेव्हा मला बरं वाटलं, कारण मर्म तिथंच आहे. दिलेल्या लांबीचे बीसीएच कोड हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. शत्रू एकेक लावून बघेल. गोप्पा कोड मात्र एका बहुपदीवरून बनतो, आणि मॅकएलिसच्या मापांना चालतील अशा बहुपदींची संख्या १४९ अंकी आहे. त्यांतली एक आपण निवडली आणि कुणाला सांगितली नाही, तर ती शोधून काढणं म्हणजे आकाशातली चांदणी बोटानं पुसणं.

कागदावरून मग लॅपटॉपवर गेलो. ‘ओपन क्वांटम सेफ’ या मुक्त प्रकल्पाची लिबओक्यूएस नावाची लायब्ररी फुकट मिळते, तिच्यात मॅकएलिसचं आजचं रूप आहे. त्याला ‘क्लासिक मॅकएलिस’ म्हणतात. सर्वांत लहान माप ३४८८ बिटांचं, त्यात चुका ६४. किल्ली तयार करायचा हुकूम दिला की यंत्र थोडं घुटमळतं. काय चाललंय आत? यंत्र एक बहुपदी निवडतं, तिच्यावरून ७६८ ओळींचं भलंमोठं मॅट्रिक्स मांडतं आणि ते नीटस रूपात आणायला बघतं. दर खेपेला जमतंच असं नाही. आकडे यदृच्छेनं भरलेलं असं मॅट्रिक्स उलटवता येण्याची शक्यता शेकडा २९ च्या आसपास. नाही जमलं की सगळं टाकून पुन्हा पहिल्यापासून. सरासरी साडेतीन खेपांनी एक किल्ली हाती लागते. मोठ्या मापांना तर हा थांबा चांगलाच जाणवतो. मुलांनी छपाईच्या ओळी घालून यंत्राला प्रत्येक अपयश बोलून दाखवायला लावलं, तेव्हा पडद्यावर ‘फिरसे’, ‘फिरसे’ अशी रांग उमटत गेली आणि एकदम फाइल तयार.

फाइलचं वजन २,६१,१२० बाइट. हा आकडा कुठून आला ते वहीत करून बघण्यासारखं आहे. ७६८ ओळी, २७२० रकाने, त्यांचा गुणाकार २०,८८,९६० बिट, भागिले आठ. आणि या अगडबंब किल्लीनं बंद केलेलं पाकीट किती? फक्त ९६ बाइट. आजच्या आरएसएची २०४८ बिटांची किल्ली आणि पाकीट दोन्ही २५६ बाइटांच्या घरात असतात. इथं किल्ली हजारपट आणि पाकीट निम्म्याहून लहान. बंद करणं आणि उघडणं, दोन्ही पापणी लवायच्या आत होतं.

९६ बाइट कसे, हे मुलांना कोडं पडलं. ३४८८ बिटांचा कोडशब्द पाठवला तर ४३६ बाइट व्हायला हवेत. याचं उत्तर ऑस्ट्रियातल्या हाराल्ड नीडररायटरनं १९८६ साली दिलं. त्यानं कोडशब्द पाठवायचाच नाही असं ठरवलं. निरोप चुकांच्या आड लपवण्याऐवजी चुकांच्या जागा हाच निरोप मानायचा. पाठवायची ती फक्त तपासणीच्या बेरजांची उत्तरं, ७६८ बिट, म्हणजे ९६ बाइट. घेणारा आपल्या गुप्त बहुपदीच्या जोरावर त्या उत्तरांवरून ६४ चुका नेमक्या कुठं आहेत ते काढतो आणि त्या जागांच्या यादीतून दोघांची सामाईक किल्ली तयार होते. पुढचा सगळा मजकूर त्या किल्लीनं नेहमीच्या एईएस पद्धतीनं झाकायचा.

काकांनी हे दोनदा समजावून घेतलं. मग म्हणाले, “म्हणजे आम्ही जे कचऱ्यात टाकत होतो, तेच तुम्ही जपून ठेवताय.”

मूळ पद्धतीतली एक खोच मी मुलांकडून मुद्दाम करून घेतली, कारण पुस्तकात वाचून ती अंगी लागत नाही. एकच निरोप दोनदा पाठवायला सांगितला. १०११ पुन्हा, पण या वेळी चूक सहाव्या जागी: ०११०१११. आता मधल्या माणसानं दोन्ही कागद एकमेकांत मिळवले. ०११११०१ आणि ०११०१११ यांची बेरीज ०००१०१०. चौथ्या आणि सहाव्या जागी एक, बाकी सगळीकडं शून्य. दोन्ही चुका उघड्या पडल्या. खऱ्या मापातही असंच होतं. फार तर १२८ जागा संशयित ठरतात आणि उरलेल्या जवळपास सगळ्या निर्दोष निघतात. तेवढ्यावरून निरोप सुटतो. कुलूप भक्कम होतं, बंद करणाऱ्याची सवय चुकीची होती. टॉम बर्सननं १९९७ साली हे दाखवून दिलं. आजच्या रूपात निरोप न पाठवता दर वेळी नव्या चुका निवडून नवी किल्ली पाठवतात, त्यामागं हेही एक कारण आहे. खेळणं हातात असताना मुलांना हे दहा मिनिटांत कळलं. मी फळ्यावर दोन तास घेतले असते.

मग हल्ला. कुठलंही कुलूप समजून घ्यायचं तर ते फोडायला बसावं लागतं. यूजीन प्रँजनं १९६२ साली सांगितलेली रीत आजही पाया आहे. ३४८८ जागांपैकी २७२० जागा आंधळेपणानं निवडायच्या आणि त्यांत एकही चूक आलेली नसेल अशी आशा धरायची. आशा खरी ठरली तर बाकीचं शाळेतल्या समीकरणांनी सुटतं. सात बिटांच्या खेळण्यात चार जागा निवडल्या तर नशीब साथ देण्याची शक्यता सातांत तीन. लॅपटॉपवर मधल्या मापांचे कोड घेऊन मुलांनी हा हल्ला चालवला. चुकांची संख्या एकेकानं वाढवत नेली, तसा वेळ पटीपटीनं वाढत गेला, आणि थोड्याच पायऱ्यांनंतर पंख्याचा आवाज सोडून काही ऐकू येईना.

खऱ्या मापाचं गणित वहीवर केलं. ६४ च्या ६४ चुका उरलेल्या ७६८ जागांतच पडण्याची शक्यता १० च्या ४३ व्या घातात साधारण एक. सेकंदाला हजार कोटी प्रयत्न करणारं यंत्र मिळालं, तरी विश्वाच्या १३.८ अब्ज वर्षांच्या वयाच्या पुढं कोट्यवधी कोटी पटींनी वेळ लागेल. प्रँजनंतर हुशार माणसांनी या रीतीला खूप धार लावली. २००८ साली बर्नस्टाइन, लँगे आणि पीटर्स यांनी मॅकएलिसची १९७८ ची मूळ मापं सुमारे साठ बिटांच्या मेहनतीत, म्हणजे २ च्या साठाव्या घाताइतक्या पायऱ्यांत, फुटतात हे दाखवून दिलं. तीस वर्षांपूर्वीची मापं तोकडी पडली, यात नवल नाही. माप वाढवलं की कुलूप पुन्हा उभं राहतं. पद्धतच कोसळावी असं भोक मात्र आजवर कुणाला सापडलेलं नाही.

क्वांटम संगणकाचं काय? मुलांच्या डोक्यात तो सर्वशक्तिमान असतो. तसं नाही. पीटर शोरनं १९९४ साली दाखवलं की अशा यंत्राला लपलेली आवर्तनं फार पटकन दिसतात, आणि आरएसए असो वा लंबवर्तुळी वक्रांची कुलुपं, त्यांच्या पोटात असं आवर्तन दडलेलं आहे. म्हणून ती पडतात. पिसलेल्या कोडातल्या चुकांमध्ये आवर्तन नाही. तिथं हाती राहतो तो लव्ह ग्रोव्हरचा १९९६ चा शोध, ज्यानं आंधळा शोध वर्गमुळाइतक्या पावलांत आटोपतो. १० चा ४३ वा घात जाऊन १० चा साडेएकविसावा घात येतो, आणि त्यातलं प्रत्येक पाऊल म्हणजे क्वांटम यंत्राच्या आत केलेली हजारो रकान्यांची समीकरणं. ज्याला आणखी निश्चिंत व्हायचं आहे त्याच्यासाठी ६९६० आणि ८१९२ बिटांची मापं आहेत. तिथं किल्ली दहा ते साडेतेरा लाख बाइटांची होते.

असं यंत्र आज नाही. क्रेग गिडनी आणि मार्टिन एकेरो यांनी २०१९ साली हिशेब मांडला होता की २०४८ बिटांची आरएसए फोडायला दोन कोटी क्युबिट, म्हणजे क्वांटम बिट, लागतील. मे २०२५ मध्ये गिडनीनंच तो आकडा दहा लाखांच्या खाली आणला, आठवड्याभरापेक्षा कमी वेळात. यंत्र त्या मानानं वाढलं नाही, डोकं वाढलं. मला धास्ती वाटते ती याच गोष्टीची.

यंत्र कधी येईल या प्रश्नापेक्षा जबलपूरसारख्या गावानं विचारायचा प्रश्न वेगळा आहे. आपली गुपितं किती वर्षं गुपित राहायला हवीत? इथं गन कॅरेज फॅक्टरी १९०४ पासून आहे, खमरियाला दारूगोळ्याचा कारखाना आहे, लष्कराच्या गाड्यांचा कारखाना आहे. तोफेचा आराखडा तीस-चाळीस वर्षं वापरात असतो. आणि इथं हायकोर्ट आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेरमांडणी झाली तेव्हा नागपूरचं हायकोर्ट मध्य प्रदेशचं झालं आणि जबलपूरला आलं. त्याच्याबरोबर कागदांची गाठोडी आली, आणि माझ्या आजोबांसारखे मराठी कारकूनही. आजोबा सांगायचे की कोर्टाचा कागद माणसापेक्षा जास्त जगतो. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याखालच्या खटल्यात मुलाची ओळख कोर्टाच्या परवानगीशिवाय कुठंही उघड करता येत नाही. आज आठ वर्षांची असलेली मुलगी तीस वर्षांनी अडतीसची असेल, तिचा संसार असेल. तिचं नाव तेव्हाही झाकलेलं राहिलं पाहिजे. तारेवरून जाणारा झाकलेला मजकूर आज कुणी नुसता साठवून ठेवला आणि पंधरा वर्षांनी उघडला, तर त्या कायद्याचा तिला उपयोग काय? काका म्हणतात त्याप्रमाणे लाइन टॅप झाली की नाही हे बहुतेक वेळा कळतच नाही. म्हणून यंत्र यायची वाट बघत बसणं मला गैर वाटतं.

जगात हालचाल सुरू आहे. अमेरिकेत मानकं ठरवणारी निस्ट ही संस्था २०१६ पासून नव्या पद्धती मागवून तपासते आहे. पहिल्या फेरीत ६९ आल्या. त्यांचं पुढं काय झालं, ते मुलांना सांगताना मी घाई करत नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत वॉर्ड ब्यूलेन्सनं ‘रेनबो’ ही स्वाक्षरीपद्धत साध्या लॅपटॉपवर शनिवार-रविवारात मोडली. त्याच वर्षी कास्ट्रिक आणि डेक्रू यांनी ‘साइक’ एका साध्या प्रोसेसरवर तासाभरात फोडली. दोन्ही पद्धती बऱ्याच पुढच्या टप्प्यापर्यंत पोचलेल्या होत्या. ऑगस्ट २०२४ मध्ये निस्टनं तीन मानकं जाहीर केली. त्यांतलं किल्ली पाठवण्याचं मानक, एमएल-केम, जालकांच्या (लॅटिस) गणितावर उभं आहे. त्याची किल्ली हजार-बाराशे बाइटांची, त्यामुळे फोनवर ते झकास चालतं. सिग्नल आणि आयमेसेज या मेसेजिंग अॅपनी याच घराण्याची पद्धत त्याच्याही आधी बसवली. पण सगळी मदार एकाच गणितावर नको म्हणून मार्च २०२५ मध्ये निस्टनं आणखी एक पद्धत निवडली, एचक्यूसी, आणि ती कोडांवर उभी आहे. तिच्यात रीड-सोलोमन कोड वापरलेत, बोसांच्या बीसीएचचे सख्खे नातलग. क्लासिक मॅकएलिसला निस्टनं तूर्त बाजूला ठेवलं आहे. जर्मनीची माहितीसुरक्षा संस्था बीएसआय मात्र त्याची शिफारस करते.

मला जर्मनांचं पटतं, निदान जिथं कागद दीर्घायुषी आहे तिथं. दर वेबसाइट उघडताना अडीच लाख बाइटांची किल्ली मागवणं हे वेडेपण होईल, तिथं एमएल-केम योग्य. पण कोर्टाचं मुख्य केंद्र आणि त्याचा दूरचा साठा, कारखाना आणि त्याचं मुख्यालय, हॉस्पिटल आणि त्याचं अभिलेखागार, अशा ठरलेल्या दोन टोकांमध्ये किल्ली एकदाच न्यायची असते. पुढं वर्षानुवर्षं जातात ती ९६ ते २०८ बाइटांची पाकिटं. तिथं किल्लीच्या वजनाचं भय बाळगण्यात अर्थ नाही. मोबाइलमधल्या एका फोटोचं वजन याच्या कैक पट असतं. १९७८ पासून लोकांनी डोकं आपटूनही जे हललं नाही, ते सर्वांत लांब जपायच्या गोष्टींसाठी वापरावं, आणि सोबत एमएल-केमही लावावं, म्हणजे एक तुटलं तर दुसरं उभं.

आपल्याकडं एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर झालं, ६,००३.६५ कोटी रुपयांचं. यंत्रं आणि क्वांटम दळणवळण हा त्याचा मोठा भाग. ते हवंच. पण कुलुपं बदलण्याचं काम कंटाळवाणं आहे. ते एकेका ऑफिसात, एकेका सर्व्हरवर बसून करायचं असतं. कुठं कुठली किल्ली वापरली आहे याची यादी करा, हे पहिलं पाऊल. माझ्या मुलांनी आपापल्या फोनमधल्या अॅपपासून ही यादी सुरू केली. आधारच्या पडताळणीत बोटाचा ठसा ज्या तात्पुरत्या किल्लीनं झाकतात, ती किल्ली २०४८ बिटांच्या आरएसएनं बंद होते, हे वाचून एक जण गप्प झाला. पासवर्ड बदलता येतो, ठसा बदलता येत नाही.

निस्टनं नोव्हेंबर २०२४ च्या मसुद्यात म्हटलं आहे की २०३० नंतर असली आरएसए टाळा आणि २०३५ नंतर वापरूच नका. आज दुसऱ्या वर्षाला असलेली मुलं तेव्हा पस्तिशीच्या आत असतील. ही कुलुपं बदलणार आहेत तीच.

शेवटी काकांनी अशी शंका काढली की वर्गाचा पुढचा महिना तिच्यातच गेला. “ही अडीच लाख बाइटांची किल्ली कोर्टाचीच आहे, मधल्या कुणी आपली सरकवलेली नाही, हे सही केल्याशिवाय कळणार कसं? आणि ती सही कोडांवर करता येते का?”

येते, पण कष्टानं. कूर्त्वा, फिनियाझ आणि सेंद्रिए यांनी २००१ साली एक रीत काढली. तिच्यात कागदाचा गोषवारा (हॅश) नशिबानं उलगडेल अशा रूपात येईपर्यंत तो पुन्हा पुन्हा बदलून बघावा लागतो. किल्लीही अवजड होते. म्हणून सध्याची मानकं सहीसाठी जालकांवर किंवा हॅशवर विसंबतात. पण निस्टनं सह्यांसाठी वेगळी फेरी उघडली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये १४ पद्धती दुसऱ्या टप्प्यात घेतल्या. त्यांत ‘क्रॉस’ आणि ‘लेस’ या दोन कोडांवरच्या आहेत. सागरच्या मुलानं ‘लेस’ची कागदपत्रं उतरवून घेतली आहेत. दोन कोड एकच आहेत, फक्त रकाने फिरवलेले आणि संख्यांनी गुणलेले, हे ओळखणं किती अवघड, यावर ती पद्धत उभी आहे. सात रकान्यांवर ती कशी चालते, ते तो आणि काका सध्या वहीत करून बघताहेत.